दादाच्या शेळ्या, टेक्ससचे कायोटी आणि एका काडतुसाची निवड

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सहाला फोन वाजला. आतेभाऊ होता, आम्ही त्याला दादाच म्हणतो. पहिलंच वाक्य, "अरे पाचवं करडू गेलं, आता मी रायफल घेतोय, कुठलं काडतूस घेऊ तेवढं सांग." मी म्हटलं तू आधी मेलेलं करडू उचलू नकोस, पोत्याने झाकून ठेव, मी येतोय.

दादाची जागा लॅम्पॅसस काउंटीत, ऑस्टिनपासून दीड तासाच्या आत. 42 एकर. चुनखडीचा माळ, मधेमधे सीडरची दाट झुडपं, लाइव्ह ओकची झाडं, एक ओढा जो वर्षातले आठ महिने कोरडा असतो आणि एक स्टॉक टँक म्हणजे गुरांसाठी केलेलं तळं. बोअर जातीच्या साठेक शेळ्या. ही जात मूळची दक्षिण आफ्रिकेची, अमेरिकेत 1993 ला आली आणि आता टेक्ससमध्ये मटणासाठी सगळीकडे तीच दिसते, शेळ्यामेंढ्यांच्या संख्येत टेक्सस तसंही देशात पहिलं. दादा आठवड्यातले तीन दिवस ऑस्टिनला ऑफिसात, त्यामुळे शेळ्यांचं खरं काम वहिनीच बघतात. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

आमचं मूळ गाव माण तालुक्यात. तिथे धनगरांच्या वाड्यावर लांडगा यायचा आणि सकाळी मेलेलं जनावर बघून आजोबा सांगायचे की हे लांडग्याचं काम की गावातल्या कुत्र्यांचं. ते मी लहानपणी पाहिलेलं, म्हणून दादाला सांगितलं की आधी कोणी मारलं ते बघू, मग बंदुकीचं बोलू. टेक्ससमध्ये करडं मरतात त्यामागे नुसते कायोटी, म्हणजे लांडग्याहून लहान असे तिथले रानटी कोल्ह्यासारखे प्राणी, एवढेच नसतात. मोकाट कुत्री असतात, बॉबकॅट म्हणजे रानमांजर असतं, आणि काळी गिधाडं तर नुकत्याच जन्मलेल्या करडाचे डोळे आणि नाळ टोचून त्याला मारतात, हे खूप जणांना माहीतच नाही. त्या गिधाडांना केंद्राच्या कायद्याचं संरक्षण आहे, परवानगीशिवाय हात लावता येत नाही.

पाचव्या करडाची आम्ही मानेपासून कातडी सोलली. जबड्याच्या खाली, गळ्याला, दोन्ही बाजूंनी दातांची भोकं आणि कातडीखाली रक्त साकळलेलं. रक्त साकळलंय म्हणजे चावा जिवंतपणीच बसलाय, मेल्यावर कोणी खाल्लं तर तसं साकळत नाही. कायोटी साधारण गळाच धरतो आणि गुदमरवून मारतो. कुत्री मागचे पाय, कान, शेपटीकडचा भाग फाडतात आणि एका जनावरावर थांबत नाहीत, चार-पाच जखमी करून सोडतात. आधीच्या चार करडांचे फोटो वहिनींनी काढून ठेवले होते, त्यातली दोन गळ्यावरच्या खुणांवरून कायोटीने मारलेली, एकाचे डोळे गेलेले म्हणजे गिधाडं, आणि एक इतकं खाल्लेलं होतं की काही कळणारच नव्हतं. म्हणजे पाचातली तीन नक्की कायोटीची.

मग दादाकडे काय होतं ते बघितलं. एक .22 एलआर, म्हणजे छोट्या काडतुसाची साधी रायफल होती, डब्यांवर आणि सापांवर चालवायची. तो म्हणाला हीच वापरतो की, कायोटी काही फार मोठा नसतो. खरंय, 10 ते 15 किलोचं जनावर, अंगावरच्या केसांमुळे दिसतो त्याहून बारीकच असतो. पण .22 एलआरची 40 ग्रेनची म्हणजे अडीच ग्रॅमची गोळी साधारण 1200 फूट प्रति सेकंदाने निघते आणि तिची ऊर्जा नळीच्या तोंडाशीच जेमतेम 130 फूट-पाउंड असते, 100 यार्डांवर शंभरच्याही खाली. ती गोळी लागलेला कायोटी पळून जातो आणि कुठेतरी सीडरमध्ये दोन दिवस तडफडून मरतो. मला हे अजिबात मान्य नाही. आपल्या शेळीला त्याने मारलं म्हणून आपल्याला त्याला अर्धवट मारायचा हक्क मिळत नाही. शिवाय ती गोळी मऊ शिशाची आणि संथ, चुनखडीवर आपटली की फुटत नाही, उडून भलतीकडे जाते. रॅकून, स्कंक अशा छोट्या प्राण्यांच्या कामाला ती ठीक, तेही जवळून आणि मागे माती असेल तरच.

आता काडतूस निवडायचं म्हणजे लोक काय करतात, तर तक्ते उघडून बसतात. दादानेही तेच केलेलं, एक्सेल शीट बनवलेली, वेग, ऊर्जा, 400 यार्डांवर गोळी किती खाली घसरते, सगळं रंगीत. त्यात .22-250 वर आणि .204 रुगर दुसऱ्या नंबरला. कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्या रँचरनेही त्याला .22-250 च सांगितलेली, आणि त्या माणसाचा शब्द मी हलका घेणार नाही, त्याने पन्नास वर्षं पश्चिम टेक्ससच्या उघड्या माळावर मेंढरं राखलीत. तिथे कायोटी 350 यार्डांवर उभा राहतो आणि त्याहून जवळ येत नाही. त्या जागेला .22-250 म्हणजे खरंच फार चांगलं काडतूस. 1915 च्या .250 सॅव्हेजच्या केसचं तोंड बारीक करून लोकांनी घरीच बनवलेलं, तीसेक वर्षं तसंच चाललं आणि 1965 मध्ये रेमिंग्टनने ते कारखान्यात आणलं. 55 ग्रेनची गोळी 3680 फूट प्रति सेकंद.

मी दादाची शीट बाजूला ठेवली आणि म्हटलं चल, अंतर मोजायचा रेंजफाइंडर घे, जमीन मोजू.

दोन तास फिरलो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात कामाचं काम हेच झालं. वाडग्यापासून ओढ्याच्या काठापर्यंत 140 यार्ड, टेकाडावरून तळ्यापर्यंत 190, ओकच्या रांगेतून खालच्या कुरणापर्यंत 165. सगळ्यात लांबची मोकळी रेषा दक्षिणेच्या कुंपणालगत, 260 यार्ड, पण तिच्या मागे काउंटीचा रस्ता आणि रस्त्यापलीकडे एक घर. मी तिथेच दादाला सांगितलं की या दिशेला कधीच गोळी जाणार नाही, कायोटी तोंडात करडू घेऊन उभा असला तरी नाही. पूर्वेला शेजाऱ्याची गुरं. उत्तरेला जमीन चढत जाते, मागे मातीचा उंचवटा, ती चांगली बाजू. पश्चिमेला ओढ्याचा खोलगट भाग, तिथे खाली नेम धरला तर गोळी समोरच्या काठात जाते, तीही चांगली. म्हणजे 42 एकरांतून गोळी चालवता येईल अशा जागा उरल्या तीन, आणि सगळ्यात लांबचं अंतर 190 यार्ड. टेक्ससमध्ये शिकार करताना तुमची गोळी दुसऱ्याच्या हद्दीत गेली तर तो गुन्हा आहे, मालकाची लेखी परवानगी नसेल तर, आणि हे कायद्यात नसतं तरी कुठल्याही शहाण्या माणसाने पाळायचीच गोष्ट आहे. हुकलेली गोळी मैलभराच्याही पुढे जाऊ शकते.

आता तक्त्याकडे परत या आणि 400 यार्डांचा रकाना झाकून टाका. 200 पर्यंतच बघा. माझ्याकडे .223 रेमिंग्टन होती; ती आणि .22-250 अशा दोन्ही रायफली 200 यार्डांवर झिरो केल्या, म्हणजे त्या अंतरावर गोळी बरोबर नेमावर लागेल अशा लावल्या, तर 150 यार्डांवर .223 ची गोळी आणि .22-250 ची गोळी यांच्यातला फरक उरतो अर्ध्या इंचाच्या आसपास. 10 मैल वेगाचा आडवा वारा असेल तर 200 यार्डांवर .223 ची 55 ग्रेनची टोकदार गोळी साधारण साडेचार इंच सरकते, .22-250 ची तीच गोळी पावणेचार. पाऊण इंचाचा फरक! 300 यार्डांवर गेलात तर घसरण 7 इंच विरुद्ध 5 इंच आणि वारा 11 इंच विरुद्ध 9, आणि त्याच्या पुढे ही दरी वाढतच जाते, म्हातारा रँचर बोलत होता ते त्या अंतराचं. त्याचं बरोबरच होतं, फक्त त्याच्या जमिनीसाठी.

.204 रुगर 2004 मध्ये आलं, 32 ग्रेनची गोळी सव्वाचार हजार फूट प्रति सेकंदाच्या जवळ, धक्का इतका कमी की स्कोपमधून गोळी लागलेली स्वतःला दिसते. मला हे काडतूस मनापासून आवडतं. पण लॅम्पॅसस आणि आसपासच्या दुकानांत त्याचे डबे कधी असतात कधी नसतात, आणि ज्या घरात एकच रायफल असणार तिथे काडतूस गावात मिळालं पाहिजे, नाहीतर सरावच होत नाही. .17 एचएमआर दादाच्या मुलाने सुचवलेलं, 2002 चं काडतूस, 17 ग्रेनची चिमुकली गोळी, 2550 फूट प्रति सेकंद. सशासारख्या जॅकरॅबिटसाठी, बिळात राहणाऱ्या खारीएवढ्या प्रेअरी डॉगसाठी उत्तम, पण 200 यार्डांवर त्याच दहा मैलांच्या वाऱ्यात ती 14 इंच सरकते, आणि कायोटीसाठी ऊर्जाही तुटपुंजी. तो विषय तिथेच संपला.

खरी लढत .223 आणि .243 मध्ये झाली. .243 विंचेस्टर 1955 चं, .308 च्याच केसमधून काढलेलं, आणि त्याची बाजू भक्कम आहे. हलकी 58 ग्रेनची गोळी घातली तर कायोटी, 95-100 ग्रेनची घातली तर हरीण, आणि मधली 87 ग्रेनची गोळी 200 यार्डांवर वाऱ्यात फक्त पावणेतीन इंच सरकते, म्हणजे वाऱ्याच्या बाबतीत या सगळ्यांत तीच भारी. दादाला वर्षातून एखादं हरीणही मारायचं होतं. आणि रानडुकरं! टेक्ससमध्ये रानडुकरांचा आकडा लाखोंमध्ये जातो, दादाचं कुरण ती रातोरात नांगरून ठेवतात. दादा म्हणाला एकाच बंदुकीत तिन्ही होतात तर .243 का नको.

मी एकदम नाही म्हटलं नाही, कारण दुसऱ्या कोणाच्या जमिनीवर मी हेच उत्तर दिलं असतं. पण वहिनी तोपर्यंत गप्प बसून ऐकत होत्या, त्या म्हणाल्या, "सकाळी सहाला वाडग्यावर मी असते. तुम्ही दोघं ठरवताय कोणासाठी?"

तिथून सगळी चर्चाच फिरली आणि फिरायलाच पाहिजे होती. .243 चा धक्का .223 च्या दुपटीहून जास्त असतो, सवयीच्या माणसाला तो काहीच नाही, पण ज्याने आयुष्यात बंदूक धरली नाही त्याला पहिल्या दहा गोळ्यांत डोळे मिटायची सवय लागते आणि ती सवय मोडायला नंतर वर्ष जातं. मी नेमबाजीच्या रेंजवर हे इतक्यांदा पाहिलंय की त्यावर मी तडजोड करत नाही. म्हाताऱ्या रँचरने मोठ्या मनाने आपली .22-250 एका संध्याकाळसाठी दिली, माझी .223 होतीच, .243 ऑफिसातल्या एकाची आणली आणि एका रेंजवर वहिनींना तिन्ही चालवायला दिल्या, कानावर डबल प्रोटेक्शन, बेंचवरून, 100 यार्ड, प्रत्येकीच्या पाच गोळ्या. .223 च्या पाचही दीड इंचाच्या आत. .22-250 चा धक्का तसा फार नाही पण आवाज आणि नळीच्या तोंडाचा झोत दणदणीत, तिसऱ्या गोळीपासून खांदा आखडायला लागला, पाच गोळ्या तीन इंचांत. .243 च्या चार इंचांच्या वर, आणि शेवटची मारताना मान फिरवलेली. बंदुकींत खोट नव्हती, तिन्ही 100 यार्डांवर एका इंचात गोळ्या मारणाऱ्या रायफली. कायोटीच्या छातीतली मर्माची जागा मोठ्या मुश्किलीने चार इंच असते. आता सांगा, वाऱ्यातले पावणेदोन इंच वाचवायला .243 घ्यायची आणि तीन इंच खांद्याच्या धाकाने घालवायचे, यात कसला हिशोब?

म्हणून .223 रेमिंग्टन. 1950 च्या .222 ला लांब करून बनलेलं, 1964 पासून बाजारात, आणि सैन्याच्या 5.56 चं भावंड असल्यामुळे अमेरिकेत कुठल्याही गावात, कुठल्याही दुकानात मिळतं. 55 ग्रेन म्हणजे साडेतीन ग्रॅमची गोळी, 24 इंची नळीतून 3240 फूट प्रति सेकंद, 200 यार्डांवरही साडेसातशे फूट-पाउंडांच्या वर ऊर्जा, कायोटीला भरपूर. सरावाची काडतुसं .22-250 च्या निम्म्याहून कमी पैशांत, आणि नळीही जास्त गोळ्या टिकते कारण पावडर कमी जळते. बोल्ट अॅक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायची रायफल घेतली, पुढची गोळी आपोआप भरणारी एआर नाही, कारण वहिनींना एका गोळीची शिस्त लावायची होती आणि बोल्ट उघडा असला की बंदूक रिकामी आहे हे लांबूनही दिसतं. हे माझं मत, एआरनेही हे काम उत्तम होतं.

नळीचा ट्विस्ट म्हणजे आतला पीळ 9 इंचाला एक फेरा असलेला घेतला, म्हणजे 50-55 ग्रेनच्या हलक्या गोळ्याही चालतात आणि पुढे कधी 69 ग्रेनपर्यंत जायचं असेल तर तेही जमतं. जुन्या .22-250 बहुतेक 14 इंचाला एक फेऱ्याच्या असतात, त्यात लांब जड गोळी स्थिरच होत नाही, आडवी पडून कागदाला फाटका भोसका पाडते. सेकंडहँड बंदूक घेताना हे विचारा, लोक विचारत नाहीत.

मग गोळी. काडतूस ठरलं की काम झालं असं लोकांना वाटतं पण माझ्या मते निम्मं काम इथेच असतं. आम्ही पातळ कवचाची, प्लास्टिकच्या टोकाची 55 ग्रेनची घेतली. ती कायोटीच्या छातीत शिरून आतच फुटते, बहुतेक वेळा पलीकडे निघत नाही, जनावर जागेवर बसतं. आणि चुनखडीच्या माळावर ती हुकून दगडावर आपटली तर बहुतेक तिथेच चुरा होते, उडून जायची शक्यता कमी, शून्य नाही पण कमी, म्हणून मागे माती पाहिजे हा नियम तसाच राहतो. पूर्ण कवचाची म्हणजे एफएमजे गोळी याच्या अगदी उलट, सुईसारखी आरपार जाते, जनावर पळतं, आणि दगडावरून गोळी गाणं म्हणत जाते. कायोटीवर एफएमजे वापरू नका, कृपा करून.

इथेच एक घोळ झाला. दादाने एका दुकानातून सेलमध्ये मोठा डबा आणला, हजार गोळ्या, खूश होऊन दाखवला. वर लिहिलेलं 5.56. त्याची रायफल .223 चेंबरची, चेंबर म्हणजे काडतूस बसायची जागा. दोन्ही काडतुसं बाहेरून सारखीच दिसतात, आत बसतातही, पण 5.56 च्या चेंबरमध्ये गोळीपुढची मोकळी जागा जास्त असते आणि काडतुसाचा दाबही जास्त धरलेला असतो, तेच काडतूस .223 च्या आखूड गळ्यात टाकलं तर दाब वाढतो. उलटं चालतं, .223 काडतूस 5.56 च्या चेंबरमध्ये बिनधास्त चालवा. दुकानदाराने विचारलंही नाही की बंदूक कुठली. नळीवर काय कोरलंय ते वाचायचं, डब्यावर काय छापलंय ते वाचायचं, दोन्ही जुळलं तरच आत घालायचं. डबा परत केला.

व्हिसावाल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम, कारण आपल्याकडचे बरेच जण एच-वन म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असतात आणि मित्राच्या रँचवर जाऊन सहज बंदूक हातात घेतात. नॉनइमिग्रंट म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत आलेल्या माणसाला केंद्राच्या कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मुळातच मनाई आहे. अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स. दादाकडे ग्रीन कार्ड आहे, वहिनींकडेही, म्हणून अडचण नव्हती, तुमचं वेगळं असू शकतं, आधी वकिलाला विचारा. टेक्ससमध्ये शेळ्यामेंढ्यांवर हल्ला करणारा किंवा नुकताच केलेला कायोटी मारायला लायसन्स लागत नाही, तरी दोघांनी हंटर एज्युकेशनचा कोर्स केला आणि लायसन्स काढलं. 2 सप्टेंबर 1971 ला किंवा नंतर जन्मलेल्यांना तो कोर्स तसाही लागतो. आणि भारतात हे काहीच लागू नाही हेही सांगतो, आपला कोल्हा आणि लांडगा 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली आहेत.

200 यार्डांवर झिरो केलं. याचा अर्थ गोळी 100-120 यार्डांवर दीड इंच वर असते, 200 वर बरोब्बर, 225 ला दीडच्या आसपास खाली, म्हणजे दादाच्या जमिनीवर कुठेही छातीच्या मधोमध धरायचं, वर-खाली काही करायचं नाही. पण जवळचं मात्र लक्षात ठेवायला लागतं. स्कोप नळीच्या दीड इंच वर बसलेला असतो, त्यामुळे 15 यार्डांवर गोळी नेमाच्या एक इंच खाली लागते. वहिनींनी एका पुठ्ठ्यावर हे चार आकडे लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले.

चार शनिवार, प्रत्येक वेळी पन्नास गोळ्या, त्यातल्या बेंचवरून फक्त दहा, बाकी शूटिंग स्टिकवरून, बसून, गुडघ्यावर. एकदा वहिनींच्या गोळ्या अचानक वर जायला लागल्या, आम्ही स्कोपचे स्क्रू तपासत बसलो, नंतर कळलं की नळीच कुंपणाच्या लोखंडी खांबावर टेकवत होत्या. नळी कशालाच टेकवायची नाही, लाकडी दांडाच टेकवायचा, आणि मधे टोपी किंवा हात.

आणि याच चार आठवड्यांत दादाने जे दुसरं काम केलं ते बंदुकीपेक्षा मोठं होतं हे मला स्पष्ट लिहायचंय. काउंटी एक्सटेंशनवाल्यांशी, म्हणजे शेतकऱ्यांना सल्ला देणाऱ्या कचेरीशी, बोलून वाडग्याभोवती खालून विजेची तार ओढली, कारण कायोटी कुंपणावरून उडी मारण्यापेक्षा खालून उकरून येतो. व्यायला आलेल्या शेळ्या रात्री आत. मेलेली जनावरं आणि व्यायल्यावर पडणारी वार खोल पुरायची, उघड्यावर टाकली की त्याच वासाने ते येतात. आणि दोन ग्रेट पिरिनीज कुत्री, दीड वर्षाची, शेळ्यांत वाढलेली. पांढरी कुत्री घेतल्याचा एक फायदा असा की संधिप्रकाशात स्कोपमधून ती कायोटी वाटत नाहीत, तरी आम्ही नियम केला की कान, शेपूट आणि चाल तिन्ही ओळखल्याशिवाय सेफ्टी काढायची नाही. टेक्ससमध्ये खाजगी जमिनीवर रात्री कायोटी मारता येतो पण आम्ही रात्रीची बंदूक बंदच ठेवली.

मार्चमध्ये पहिली संधी आली ती दक्षिणेच्या कुंपणावर. पहाटे, 230 यार्ड, आडवा उभा. वहिनींनी स्कोपमधून बघितला, मागे रस्ता दिसला, आणि बोल्ट उघडला. मला त्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं, खरं सांगतो, इतकं बरं वाटलं.

दुसरी आठ दिवसांनी. ओढ्याकडे तोंड करून वहिनी आणि मी सीडरच्या सावलीत, इलेक्ट्रॉनिक कॉलर म्हणजे प्राण्यांचे आवाज काढणारं यंत्र वाऱ्याच्या वरच्या अंगाला 40 यार्डांवर, सशाच्या ओरडण्याचा आवाज. कायोटी आवाजाकडे सरळ येत नाही, वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूने वास घ्यायला येतो, म्हणून बसायची जागा अशी धरायची की तो वळसा आपल्यासमोरून आणि मातीच्या काठासमोरून जाईल. नवव्या मिनिटाला आला. वहिनींनी तोंडाने हलकं भुंकल्यासारखं केलं, तो थांबला, 130 यार्ड, मागे ओढ्याचा काठ. एक गोळी. जागेवर बसला. मोठी मादी होती. हातमोजे घालूनच उचलली, कारण दक्षिण टेक्ससमध्ये 1988 पासून कायोटींत रेबीजची मोठी साथ होती, 1995 पासून विमानातून लशीची आमिषं टाकून ती आटोक्यात आणली, पण स्कंकांत रेबीज अजूनही आहे आणि सवय मोडायची नाही. खोल पुरली, कारण गोळीचे शिशाचे कण गिधाडांच्या आणि गरुडांच्या पोटात जातात. दुसरा कायोटी, तो नर होता, दादाने एप्रिलमध्ये तळ्यावर मारला, 170 यार्ड.

तेवढेच दोन. जोडी असावी, कारण त्यानंतर गळा धरलेलं एकही करडू सापडलं नाही. पिल्लं वाढवणारी जोडीच सगळ्यात जास्त शेळ्यामेंढ्या मारते हे जाणकार सांगतात, त्याच्याशी ते जुळतं, पण त्याच महिन्यात कुत्री आणि वीजतारही आली होती, त्यामुळे श्रेय कोणाला किती ते मी छातीठोक सांगणार नाही.

रानडुकरांसाठी .223 वापरायची नाही असं ठरलं. पातळ कवचाची गोळी बोकाडाएवढ्या डुकराच्या खांद्यावरच्या जाड कातडीत वरच्यावर फुटते आणि जखमी डुक्कर सीडरमध्ये शिरतं. जाड कवचाच्या गोळ्या मिळतात, त्या चालतात, पण मग झिरो बदलतो, पुठ्ठ्यावरचे आकडे बदलतात, आणि सकाळी सहाला घाईत चुकीची गोळी आत जाते. दादाने पिंजरा लावला, मोठा गोल, एकदम सात पकडली. हरणाचं म्हणाल तर तो शेजाऱ्याची .243 मागून आणतो, वर्षातून एकदा.

उत्तरेच्या कुंपणाच्या आतच आता नवीन जोडी आलीये. वहिनींना ती आठवड्यातून दोनदा दिसते, उंदीर उकरताना, मागे मातीचा उंचवटा, 150 यार्ड, याहून चांगला नेम मिळणार नाही. कुत्री भुंकली की ती निघून जातात, शेळ्यांकडे बघतसुद्धा नाहीत. दादाने विचारलं मारू का. वहिनी म्हणाल्या ही जोडी इथे आहे तोवर दुसरी कोणी येणार नाही, राहू दे. रायफल कपाटात आहे, झिरो मागच्या महिन्यात तपासलं, बरोबर आहे.